पाहिलेलं आणि ऐकलेलं

फळामास्तरांना बातमी सांगायची म्हणजे उलटतपासणीला उभं राहायचं. तळवलीच्या नाक्यावर त्यांचा काळा फळा होता. मधोमध रेघ, डावीकडे ‘पाहिलेलं’, उजवीकडे ‘ऐकलेलं’. धापा टाकत कोणी आलं की यांचा प्रश्न ठरलेला, "बगलंस का आयकलंस?"

मास्तर कसले, कारखान्यात हजेरी मांडायचे! तोंड बघितल्याशिवाय सख्ख्या भावाचीही हजेरी लावली नाही. निवृत्त झाल्यावर ती खोड आमच्या मानगुटीवर बसली.

नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात जवळच्या एका कारखान्यातून वायू गळला. डोळे चुरचुरले, तासाभरात निवळलं. पण इन्स्पेक्टर साहेब जीपमधून आलेच. "फळा पुसा मास्तर. लोकं घाबरतात. परवानगीशिवाय एक अक्षर लिहायचं नाय." साहेबांचं अगदीच चुकत नव्हतं, आम्ही मेले आधी उजवी बाजूच वाचायचो. मास्तरांनी फळा पुसला आणि डावीकडे लिहिलं, ‘साहेब आले. फळा पुसला.’ बाकी कोरा.

त्या कोऱ्या फळ्याने घात केला. दुपारपर्यंत आवई उठली, नळाच्या पाण्यात विष आहे. आईने भरलेलं पिंप गटारात ओतलं. धाकटी बहीण तापाने फणफणलेली, सारखी पाणी मागत होती.

संध्याकाळी साहेब परत आले, या वेळी हात जोडून. "लिहा मास्तर, पाणी चांगलं आहे."

"रिपोर्ट बगला?"

"यायचाय. वरून फोन आला."

"म्हंजे आयकलेलं," म्हणत मास्तरांनी ते उजवीकडे लिहिलं! मग नळावर दोन पेले भरून एक साहेबांपुढे धरला. मास्तरीणबाई ओरडल्या, "तुमाला काय झालं तर फळ्यावर कोन लिवनार?"

"तू लिव. पन बगून."

दोघांनी पेले रिकामे केले. डावीकडे लिहिलं गेलं, ‘साहेब आणि मी पाणी प्यालो. सहा वाजता.’ साहेबांना तासभर बाकावर बसवून ठेवलं आणि खाली आणखी एक ओळ, ‘सात वाजता : दोघंही आहेत.’ मी पळत जाऊन आईला सांगितलं. तेव्हा कुठे बहिणीच्या ओठाला पेला लागला.

काही वर्षांनी मास्तर गेले. मास्तरीणबाईंनी खडू माझ्या हातात दिला. शेवटचं पाणी मीच त्यांच्या तोंडात घातलं होतं, खांदाही दिला होता. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. तरी हात डावीकडे जाईना. ‘मास्तर गेले’ हे मी उजवीकडे लिहिलं.

बाईंनी वाचलं. पुसायला फडकं उचललं आणि परत ठेवलं.

"ऱ्हाव दे," म्हणाल्या.