मामांची तालीम

मरणाची एवढी जय्यत तयारी केलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडायचा नाही, आणि मरणाला एवढा भिणाराही! हे आमचे धाकटे मामा. पडेगावात घर, गंगापूरकडं ऊस, आणि मृत्युपत्र दर दिवाळीला नवं. आम्ही फराळाला जायचो आणि साक्षीदार होऊन परतायचो. "इंतजाम पक्का पायजे," हे त्यांचं पालुपद. घरातल्या भांड्याकुंड्यांची वाटणीसुद्धा तोंडपाठ. पाहुणा खुर्चीत टेकला की म्हणायचे, "जपून रं, ती धाकट्याच्या वाट्याची हाय." मामी आतून ओरडायच्या, "आवं, लेकराला बसू तर द्या! आजून जिते हाव की आपन!"

जमिनीचं निभलं, खरा घोर जिवाचा होता. शेजारच्या एका म्हाताऱ्याला दवाखान्यात नळ्या लावून ठेवलेलं पाहून आले आणि मामांची झोपच उडाली. संभाजीनगरच्या वकिलाकडून आणखी एक कागद केला: शुद्ध गेली, आशा सरली, तर मशीनवर ठेवू नये. मामींचाही तसाच करवला. पण आपल्या वेळी डॉक्टरला 'नको' सांगणार कोण? तर मी. का? "पोरं रडत बसतील. तू कोरडा हायस." घ्या! भाच्याचा केवढा हा गौरव!

मग तालमी सुरू झाल्या. जेवणं आटोपली की मामा बाजेवर उताणे, डोळे मिटलेले, हात छातीवर. "मी बेसुद हाय. आशा नाय. डाक्टर इचारतोय, मशीन लावू का? बोल!" मला हसू फुटायचं. मामा ताडकन उठून बसायचे. "नापास! अरं, हितं माझा जीव टांगणीला लागलाय अन् तू दात काढतोस?" थोरल्या लेकानं तर एकदा "लावा, लावा" म्हणत भोकाडच पसरलं. दुपारची झोप गेल्याचा मला असा संताप यायचा, की विचारू नका.

गेल्या साली मामींना दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी आशा नसल्याचं स्पष्ट सांगितलं आणि तोच प्रश्न विचारला. मामींचा कागद मामांच्या खिशात होता. त्यांनी खिशावर हात दाबून धरला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "लावा. काय लावायचं ते समदं लावा." मामींनी काही डोळे उघडले नाहीत; मशीनवरच गेल्या.

परवा पडेगावला गेलो. खुर्चीत बसलो, तर 'जपून' म्हणाले नाहीत. जेवण झाल्यावर बाजेवर आडवे झाले, डोळे मिटले, आणि हळूच म्हणाले, "डाक्टर इचारतोय."

या खेपेला हसू आलं नाही. मी लगेच, खणखणीत आवाजात म्हणालो, "नको."

"बरोबर हाय," मामा डोळे न उघडताच म्हणाले. "पन जरा थांबून म्हनत जा."