डंका रेकॉर्ड झालाच नाही

आधीच सांगते, मी ह्या ग्रुपवर फक्त टाइमपास म्हणून वाचायला येते. कुणी भुताखेताचं सांगायला लागलं की मी तोंडावर हसते, त्यावरून आईच्या शिव्याही खाते. तरी लिहितेय, कारण आता डोकं फुटायची वेळ आलीय. कुणाकडे लॉजिकल उत्तर असेल तर द्या... "श्रद्धा असावी लागते ताई" वगैरे कमेंट्स प्लीज नकोत.

मी मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे एक शॉर्ट फिल्म, आणि मॅमची अट एकच – सिंक साउंड. शूटिंगच्या वेळी जो आवाज रेकॉर्ड होईल तोच वापरायचा, नंतर स्टुडिओत डबिंग केलं की सरळ नापास. आम्ही तिघं. ओंकार डिरेक्शन आणि कॅमेरा, रिया ॲक्टिंग, आणि साउंड माझ्या गळ्यात. का, तर म्हणे "प्राची, तुझे कान तिखट आहेत!"

लोकेशनपण माझ्याच गळ्यात. आम्ही लालबागला चाळीत राहतो. आमच्याच मजल्यावर कोपऱ्याच्या खोलीत नाना आणि शैलाकाकी, मूळचे मालवणकडचे. सीन बाप-लेकीच्या भांडणाचा होता आणि बापाच्या रोलसाठी नाना एका पायावर तयार. "काय गो प्राची, माका पावडर लावतलंस मां?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "पिच्चर कधी दाखवतलंस?" हा मात्र त्यांनी दिवसभर विचारला.

आता माझी अक्कल बघा. लालबागची पोर मी, आणि मसाल्याच्या सीझनमध्ये, तेही रविवारी शूट ठेवलं! आमच्या चाळीच्या खालीच डंका आहे, मिरच्या कांडायचा. धाड् धाड् धाड्... वर पाण्याचा ग्लास थरथरतो. तिखट नाकात जाऊन रिया डायलॉगऐवजी शिंकत होती. शेवटी मी खाली गेले.

"काका, थोडा वेळ बंद ठेवा ना. आमचा प्रोजेक्ट आहे."

"आणि ह्या सगळ्या सकाळपासून उभ्या आहेत, त्यांना काय सांगू? पिच्चर बघून या?"

लायनीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. मी पाय आपटत वर आले. ओंकार म्हणाला, "जाऊ दे ना यार, आहे तसं घे." घेतलं. हेडफोनमध्ये मला डंका स्पष्ट ऐकू येत होता, प्रत्येक ठोक्याला रेकॉर्डरचा मीटर लाल होत होता. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून रूम टोन घेतला. म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असतो तो, एडिटिंगमध्ये फटी बुजवायला लागतो. त्यातही डंकाच.

संध्याकाळी फाइल्स लॅपटॉपवर टाकल्या... आणि डंका नाही. नानांचा आवाज आहे, त्यांचं खोकणं, रियाच्या बांगड्या, शिंका, सगळं आहे. पण पंखा नाही, गाड्यांचे हॉर्न नाहीत, डंका तर नावालाही नाही. ओंकार उड्या मारायला लागला, "लॉटरी लागली रे!" मी म्हटलं, अरे गाढवा, माइक काय निवडून निवडून आवाज घेतो?

मॅमनी कानाला हेडफोन लावले आणि लगेच काढले. "कुठल्या स्टुडिओत डब केलंत?"

"मॅम, शप्पथ, लाइव्ह आहे."

"लालबागमध्ये? ह्या दिवसांत? प्राची, मला शिकवू नकोस."

पुढच्या सोमवारपर्यंत त्याच खोलीत पुन्हा रेकॉर्ड करून आणा, नाहीतर केटी, विषय राहिलाच समजा. म्हणजे ज्या डंक्याला मी शिव्या घातल्या, तोच आता पुरावा म्हणून आणायचा होता! आठवडाभर मी त्या फाइल्स ऐकल्या, चूक कुठे झाली शोधत. रूम टोन तर पाठ झाला. तो रिकामा नव्हता. खोलीत, गॅलरीत माणसं आहेत, पण कुणी बोलत नाहीये, असं काहीतरी. मला तर राग येऊन येऊन रडू यायला लागलं होतं.

शनिवारी एडिटिंगसाठी रियाकडे गिरगावात राहिले. सकाळी उशिरा उठून तिघं सामान घेऊन तसेच लालबागला निघालो. फोन सायलेंटवर, बघितलासुद्धा नाही. गल्लीत शिरलो तर डंका बंद. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या रविवारी हातापाया पडले तेव्हा बंद केला नाही, आणि नेमका आज!

"काका, आज काय झालं तुमच्या डंक्याला?" मी तिथूनच ओरडले.

काकांनी फक्त बोट वर केलं.

चाळीतल्यांना हे सांगावं लागत नाही. कुणी गेलं की खाली नेईपर्यंत सगळं बंद. टीव्ही, मिक्सर, डंका, कुणी कुकरसुद्धा लावत नाही. फोन काढला तर आईचे ढीगभर मिस्ड कॉल. नाना पहाटे झोपेतच गेले होते.

वर गेलो. गॅलरीत सगळे उभे होते. मी नानांच्या दाराशीच थांबले, कारण ही शांतता मी आठवडाभर हेडफोन लावून ऐकली होती. हीच. रियाने माझा दंड घट्ट धरला, ओंकार माझ्याकडे बघत राहिला. तिघांनाही कळलं होतं. रेकॉर्डर बॅगेतच राहिला.

मॅमना काय सांगणार? केटी लागली. ओंकारचा एक साउंडवाला मित्र म्हणतो, कुणीतरी सॉफ्टवेअरने आवाज साफ केलाय. कुणी केला? कार्ड माझ्याच बॅगेत होतं. दुसरा म्हणतो फाइल करप्ट. करप्ट फाइलमध्ये बांगड्या वाजतात का? मला अजूनही काही कळलेलं नाही, आणि खरं सांगू, मार्कांचं आता काही वाटत नाही.

मला छळतेय ती शैलाकाकी. रोज दारात येते. "प्राची, ह्येंचो पिच्चर झालो काय गो? निदान आवाज तरी आयकव." तिच्याकडे नानांचा आवाज दुसरा कुठेच नाही. माझ्याकडे आहे, एकदम क्लिअर. नाना बोलतायत, हसतायत, आणि त्यांच्यामागे अख्खी चाळ ते गेल्यासारखी गप्प आहे. काकी लालबागमध्ये सून म्हणून आली ती इथेच म्हातारी झाली. तिला ही शांतता ओळखू येणार नाही असं होईल का?

मी सांगते, "एडिटिंग चालू आहे काकी." ती म्हणते बरं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.