पायासमोरचे दत्तगुरू

माझी भक्ती कुठेतरी कमी पडते, म्हणूनच ही जखम भरत नाही, असं मला चार वर्षं वाटत होतं. शाळेत फळ्यापुढे उभं राहून राहून डाव्या पायाच्या नसा फुगल्या होत्या. घोट्याजवळची कातडी काळी पडली आणि एक दिवस तिथे जखम झाली. पट्टी बांधून घरी बसलं की ती सुकायची, शाळा सुरू झाली की पुन्हा वाहायची. मुलांना वास येईल या धास्तीने मी पहिल्या बाकापासून लांबच उभी राहायची. रोज दत्तगुरूंना विचारायची, माझं काय चुकलं?

शेवटी दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन झालं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट, इंदिरानगरच्या आमच्या घरी तेव्हा नुकताच फोन आला होता. डॉक्टरांनी जांघेजवळ बिघडलेली नस बांधली, खालची काढून टाकली आणि मांडीची पातळ कातडी जखमेवर लावली. मला आधीच बजावलं होतं, “बाई, पाच दिवस पाय उंचच ठेवायचा. खाली सोडलात तर लावलेली कातडी धरणार नाही, पुन्हा पहिल्यापासून सगळं.” दवाखान्यातल्या कॉटचे पायाकडचे खूर विटांवर चढवलेले होते. गुंगी उतरल्यावर डोळे उघडले, तर समोरच्या भिंतीवर दत्तगुरूंचं कॅलेंडर आणि माझा बांधलेला पाय नेमका त्यांच्याकडे.

लहानपणी चुकून देवाकडे पाय झाले, तर आई गुडघ्यावर चापटी मारून नमस्कार करायला लावायची. ते अंगात इतकं मुरलेलं, की मी झोपल्या झोपल्याच हात जोडले. सिस्टरना सांगायचं तर शिकलेली बाई, कोणत्या तोंडाने सांगू? त्यांची पाठ वळली की मी पाय हळूच कॉटवरून खाली सोडायची, हात जोडायची, चाहूल लागली की वर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टीवर तांबूस डाग दिसला. तरी पाय वर घेववेना. तुमच्याकडे पाय करू, की पाय घालवू, असं मनात म्हणत मी रडत होते.

शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीची लेक सिन्नरहून डबा घेऊन आली होती. ती माझ्याकडे बघतच राहिली. “ताई, पाय खाली का सोडला? डॉक्टर नाय म्हनले ना?” का कोण जाणे, यांनाही न सांगितलेलं मी त्या परक्या बाईला सांगून टाकलं. ती हसली नाही. तिने कॅलेंडरकडे पाहिलं आणि म्हणाली, “तुमी पाय हालवायचा नाय ना? मग देवाला हालवू. त्याच्या पायाला कुठं जखम हाय?”

तिने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, स्टुलावर चढून कॅलेंडर उतरवलं आणि माझ्या उशामागच्या खिळ्याला लावलं. मग माझा पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवला. संध्याकाळी म्हातारीला घरी सोडलं. माझा डोळा लागला होता, तेवढ्यात त्या दोघी गेल्याही.

पुढचे तीन दिवस मी पाय हलवला नाही, पण काळजी जाईना. दीड दिवसाच्या माझ्या वेडेपणाने सगळं वाया गेलं असलं तर? पाचव्या दिवशी डॉक्टर पट्टी सोडू लागले, तेव्हा मी डोळे घट्ट मिटून घेतले. “धरली की हो, बाई!” ते म्हणाले. कडेला चिंचोक्याएवढी जागा तेवढी राहिली होती, ती पुढे ड्रेसिंगने भरली. हे भेटायला आले तेव्हा मी त्यांनाही सगळं सांगितलं होतं; मी घरी येण्याआधीच यांनी देवघर माझ्या उशाकडच्या भिंतीला हलवून ठेवलं होतं.

त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिच्या रूपाने कोण आलं होतं, याची चर्चा मी कुणाशी करत नाही. एवढंच कळलं, की माझ्यासाठी जागा बदलायला देवाला मुळीच कमीपणा वाटला नव्हता. अडून बसले होते ती मीच.