बगळीच्या टोपीतलं कुंकू

कार्तिकातला दुसरा रविवार, सकाळ. स्थळ : धार, बापूकाकांचं अंगण. हजर : सुमनकाकू, देवासहून पहिल्या बसने आलेले दादाकाका, म्हणजे बापूकाकांचे थोरले भाऊ, त्यांची पुतणी मी आणि बगळी. गैरहजर : बापूकाका. यंदा दसऱ्याला सकाळी काकूंचा फोन आला, "वैजू, हे उठत नाहीत गं..." आणि तेव्हापासून बगळी जागची हललेली नाही.

बगळी म्हणजे आजोबांची पांढरी मोटार. लांब नाक, बारीक चाकं, म्हणून हे नाव. आजोबांमागे ती धाकट्याकडे आली, हे दादाकाकांना फार लागलं. देवासला बिऱ्हाड हलवताना ते म्हणाले, "बापू, ही गाडी चालवत देवासला आलास, तरच तुझ्या हातचं सोनं घेईन. तोवर आपट्याचं पानसुद्धा नको." त्यानंतरचे दोन दसरे भाऊ भावाला भेटला नाही. काका बोलत नसत, पण त्या दिवशी श्रीखंडाला हात लावत नसत.

तिसऱ्या वर्षी त्यांनी जायचं ठरवलं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. विळी, पाने, पेचकस, सगळं पाटावर येतं. काकांनी बगळीची पूजा तर अशी केली की चाकापासून आरशापर्यंत जागा सोडली नाही. दसऱ्याला काका, काकू आणि तेव्हा कॉलेजात शिकणारी मी नटूनथटून बसलो. सेल्फ मारला, इंजिन फिरलं, पण पेटेना. शेजारचा पप्पू कुंपणावरून ओरडला, "भिया, बस पकड़ लो, बगली का तो आज उपवास है!" बसने जाऊन उपयोग नव्हता, हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

काका चिडले नाहीत. बाह्या सारून म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय ना? म्हणजे अन्न मिळतंय, चूल पेटत नाही. ठिणगी कुठे अडली ते मागे मागे जात विचारायचं." त्यांनी प्लग काढला, वायरीला जोडलेलाच इंजिनच्या लोखंडाला टेकवला. "वैजू, मार सेल्फ." टोकाला निळी ठिणगी उडायला हवी होती, काही नाही. नवा प्लग लावला, तेच. मग विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलमधून येणारी जाड वायर काढून तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. तिथेही काही नाही. "म्हणजे याच्याही मागे!" काका खुशीत म्हणाले. उरली प्लगांना ठिणगी वाटणारी काळी टोपी. तिच्याखाली दोन बारीक टोकं सारखी भिडतात, सुटतात, आणि त्यातून ठिणगीची तयारी होते. काकांनी क्लिपा काढल्या, आत पाहिलं आणि टोपी घाईने परत बसवली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

काकूंनी स्वतः टोपी उचलली. आत त्या दोन टोकांच्या बरोबर मध्ये कुंकवाचं ठसठशीत बोट!

"अहो, इथे कुणी लावलं?"

"ठिणगीचा देव इथेच बसतो. त्याला कसा वगळणार?"

"म्हणून त्याच्या तोंडात कोंबायचं?"

हसून हसून काकूंचं कुंकू फिसकटलं. काकांनी खिशातल्या पांढऱ्या रुमालाने टोकं पुसली, जरा घासली, आणि पहिल्याच सेल्फला बगळी गुरगुरली. देवासला दादाकाका फाटकातच उभे होते. भावाकडे न बघता त्यांनी आधी गाडीला एक चक्कर मारली. मग तो गुलाबी झालेला रुमाल पाहिला, हकीकत ऐकली आणि बॉनेटवर हात टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "आण ते सोनं," म्हणाले, "आणि आत चल, श्रीखंड गार आहे तोवर."

तेव्हापासून काकांनी रिवाजच पाडला. दर खंडेनवमीला टोपीच्या आत कुंकवाचं बोट, दसऱ्याला त्याच रुमालाने पुसणं, मग देवास. दादाकाका फाटकातूनच विचारायचे, "पुसलंस का रे?" आणि काका म्हणायचे, "मग काय ढकलत आणली?" मी कामांची यादी करून जगणारी बाई; आधी बिघाड करायचा आणि मग तो काढायचा, हे मला कधी पटलं नाही. पण दसऱ्याला सगळ्यात लवकर मीच अंगणात हजर असायची.

या वर्षीही खंडेनवमीला काकांनी पूजा केली होती, टोपीच्या आत कुंकवाचं बोट लावलं होतं. पुसायची सकाळ तेवढी त्यांना मिळाली नाही.

"यंदाचं सोनं राहिलंय," रविवारी दादाकाका म्हणाले. "बगळीला देवासला न्यायचं." मी कागद काढला. पेट्रोल, आहे. बॅटरी, भरलेली. प्लग लोखंडाला टेकवला, ठिणगी नाही. जाड वायर, नाही. मागे मागे जात आम्ही टोपीपर्यंत आलो. काकूंनी गाडीच्या कप्प्यातून घडी घातलेला गुलाबी रुमाल काढून दादाकाकांच्या हातात दिला. त्यांनी क्लिपेवर बोट ठेवलं... आणि काढून घेतलं.

"वैजू, तू पूस."

"तुम्ही थोरले. तुम्हीच पुसा."

"चहा टाकते," काकू म्हणाल्या.

चहा झाला, ठिणगीच्या देवाची गोष्ट पुन्हा झाली, पुन्हा तेवढंच हसणं झालं. दादाकाका दुपारच्या बसने परत गेले. रुमाल त्यांनी बॉनेटवर ठेवला होता; मी तो घडी करून कप्प्यात ठेवला. कागदावरच्या बाकी सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या आहेत. टोपी उघडून पुसणे, एवढं राहिलं आहे.