अमानत म्हणून ठेवलेला टिप्या

आष्टीच्या बाजूला डोंगराखाली असलेल्या त्या वस्तीवर दिवाळी झाली की घरांना कुलपं लागतात. ऊसतोडीला जाणारे जातात, म्हातारी माणसं मागे राहतात. मुंजाजी आणि भिवराबाई हे बैलगाडीवरचं जोडपं. त्यांचे बैलही ट्रकात चढून कारखान्याला जातात आणि आजवर त्यांचा कुत्रा टिप्याही जायचा. फडावर पाचटाच्या कोपीची, म्हणजे राहायच्या झोपडीची, आणि बैलांची राखण हे त्याचं काम. गेल्या हंगामात गाडीचं चाक त्याच्या पुढच्या पायावरून गेलं. हाड जुळलं, पण वाकडं. कारखान्याच्या गेटवर ट्रक-ट्रॅक्टरांच्या गर्दीत लंगडं कुत्रं फार टिकत नाही. म्हणून यंदा त्याला मागे ठेवायचं ठरलं.

कुणाकडे, हा प्रश्नच नव्हता. शेजारी अमीरबी होती. साठी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुलगी बीडला सासरी. चार शेळ्या आणि पाच वेळची नमाज एवढ्यात तिचा दिवस बसतो. कुत्र्याची लाळ लागलेला कपडा धुतल्याशिवाय नमाजला चालत नाही, त्यामुळे तिच्या उंबऱ्याच्या आत कुत्रं कधी आलेलं नाही. टिप्या मुंजाजीच्याच गोठ्यात राहील, मी तिथं येऊन त्याचं करीन, असं तिनं आधीच सांगून टाकलं.

"दोन टाइम भाकरी टाकली की बास, मावशी," निघताना भिवराबाई म्हणाली. "लई लाड करू नका."

"लाड कशाचे? अमानत हाय ती. दिली तशी परत घ्या म्हंजी झालं."

हे ती सहज बोलली नव्हती. हंगामाला जाणाऱ्या बायका आपली कर्णफुलं-कडी चिंधीत बांधून तिच्याकडे ठेवून जातात आणि उन्हाळ्यात आल्यावर चिंधीची गाठही न सुटलेली परत घेतात. वस्तीवर तिला मान आहे तो यामुळे. श्वास घेणारी अमानत मात्र तिनं प्रथमच घेतली होती.

तिनं काम नीट लावून घेतलं. कुत्र्याच्या कामासाठी एक जुनं लुगडं वेगळं काढलं, ते गोठ्यातल्याच खुंटीला टांगलं. सकाळी ती कोरडी भाकरी टाकून जायची. दुपार कलली की लुगडं बदलायची, फुटक्या घागरीच्या बुडात पाणी भरायची, दुधात भाकरी कुस्करून टिप्याच्या जर्मनच्या ताटलीत घालायची. काडीनं त्याच्या कानातले गोचीड काढायची, वाकड्या पायाला करंजीचं तेल चोळायची. मग हातपाय धुऊन, कपडे बदलून असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज. त्यानंतर शेळ्या रानातून येत, त्यांना कडबा. सगळं वेळच्या वेळी.

टिप्या पाणी प्यायचा. गोचीड काढू द्यायचा. ताटलीला मात्र तोंड लावायचा नाही. एकदा हुंगायचा आणि रिकाम्या गव्हाणीकडे तोंड करून बसायचा. सकाळची भाकरी कावळे न्यायचे, दुपारची मुंग्या.

पहिल्या एक-दोन दिवसांचं तिला काही वाटलं नाही. पुढे त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, तेव्हा तिनं भाकरीला अंडं लावून पाहिलं, मग मटणाचं पाणी. पलीकडच्या घरातली छबुबाई कुडावरून बघत होती.

"अमीरबी, तुज्या हातची भाकरी त्याला नको आसंल. पाव्हणा हाय, बिर्याणी घाल."

"तुज्या हातची खातो का बग की. घे ताटली."

छबुबाईच्या हातचीही त्यानं खाल्ली नाही.

मोहनराव जनावरांच्या दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी येऊन जबडा उघडून पाहिला, पोट दाबलं. ताप नाही, दात शाबूत. "दुखणं काही नाही," ते म्हणाले. "मालकाची आठवण काढतोय. फोनवर आवाज ऐकवा, खाईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी अमीरबीनं फोन लावून टिप्याच्या कानाशी धरला. पलीकडून मुंजाजी ओरडला, "टिप्या! खा की रं! कशापायी उपाशी मरतो?" टिप्याचे कान उभे राहिले. तो उठला, गोठ्याभोवती एक चक्कर मारली आणि लंगडत वाटेला लागला. अमीरबी ताटली ठेवून वळेपर्यंत दिसेनासा झाला होता.

तो सापडला डांबरी रस्त्यावर, बैल ट्रकात चढवले होते त्या जागी. शेजारून वाहनं जात होती. हाका मारून उठेना. शेवटी तिनं शेळीचं दावं आणून त्याच्या गळ्यात घातलं आणि ओढत आणला. या खटाटोपात असर हुकली. रानातून आलेल्या शेळ्यांना दार बंद दिसलं, त्या ओरडत तिच्या मागोमाग मुंजाजीच्या गोठ्यात शिरल्या. त्यांना घरी हाकायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिनं मुंजाजीच्याच गंजीतल्या दोन पेंढ्या ओढल्या आणि बैलांच्या गव्हाणीत टाकल्या. शेळ्यांनी माना घातल्या. सवयीनं तिनं दुपारची ताटली टिप्यापुढे सरकवली.

टिप्यानं गव्हाणीकडे पाहिलं, मग ताटलीकडे. आणि खाल्लं. ताटली पुसून काढली, वर आणखी मागितलं.

तिनं लगेच भिवराबाईला फोन लावला. सगळं ऐकून भिवराबाई हसतच सुटली.

"आवं मावशी, बैलांच्या आदी त्याला कदी घातलंच न्हाई. सासऱ्याची शिस्त. गव्हाणीत वैरण पडल्याबगर घरातबी कुनी ताटावर बसत न्हाई. ह्यानं पिल्लू आसताना आदी तोंड घातलं, तर सासऱ्यानं काठी घातली व्हती."

"मंग सांगितलं का न्हाई, बाई?"

"त्यात सांगायचं काय? समदेच आसं करत्यात."

"माज्याकडं बैल हायेत का?"



अमीरबीनं वेळ बदलली. आता शेळ्या ती रानातून लवकर आणते, मुंजाजीच्या गोठ्यात बांधते, गव्हाणीत कडबा टाकते. मग टिप्याची ताटली, गोचीड, तेल. त्यानंतर आंघोळ आणि नमाज. टिप्याच्या बरगड्या पुन्हा झाकल्या आहेत. शेळ्या मात्र बिघडल्या. मोठी गव्हाण आणि मोकळी जागा त्यांना मानवली आहे. संध्याकाळी त्या अमीरबीच्या दाराकडे वळतच नाहीत, सरळ मुंजाजीच्या गोठ्यात जाऊन उभ्या राहतात.

"बैल परत आल्यावर काय करशील ह्यांचं?" छबुबाईनं विचारलं.

"शेळ्या माज्या हायेत, अमानत न्हाईत," अमीरबी म्हणाली. "दोन दिस उपाशी ऱ्हायल्या की येतील घरी."

तिनं ताटली विसळून गोठ्याच्या भिंतीला उपडी लावली आणि लुगडं बदलायला गेली.