कोपऱ्यातलं नाव

सालवडला राहणारा माझा मित्र बोईसरच्या एका कारखान्यात कंत्राटी इलेक्ट्रिशियन आहे. रविवारी तो फोमचं छोटं विमान उडवतो. विमानाच्या नाकावर कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र मित्राच्या डोळ्यांवरच्या जाड गॉगलमध्ये येतं. गॉगल लावला की आजूबाजूचं काही दिसत नाही, म्हणून शेजारी उघड्या डोळ्यांचं कुणीतरी लागतं. ते काम माझं. घार आली, माणूस आला, एवढंच सांगायचं. चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेल्या मला एवढंच बोलणं जड जायचं.

खाडीत जाळं टाकणाऱ्या एका मावशींनी आम्हाला कामाला लावलं. कारखान्यांकडून काळं पाणी येतं, मासळी उलटी होते, असं त्या वर्षभर सांगत होत्या. ते पाणी सोडणारा पाइप तिवरांच्या झाडीत होता. चिखलातून जाता येत नव्हतं, होडीतून दिसत नव्हता. वरून दिसला असता. पाइपाचं तोंड आणि पडणारं पाणी एकाच चित्रात हवं, हे मी ठरवलं. मित्राची अट एकच होती, त्याचं नाव कुठे येता कामा नये. कंत्राटी माणसाला काढायला कारण लागत नाही.

कितीतरी रविवार चित्रानेच खाल्ले. विमान खाडीच्या वळणावर पोचलं की गॉगलमध्ये आडव्या रेघा यायच्या, मग नुसता पांढरा बुरबुराट. तो विमान उंच घेऊन घाईने परतायचा. आम्ही चॅनेल बदललं, अँटेना सरळ केली, रिसीव्हर बांबूवर चढवला. चित्र फक्त डावीकडे वळतानाच जातं, हे फार उशिरा लक्षात आलं. वळताना बॅटरी अँटेनाच्या आड येत होती.

"कॉम्रेड, तुमचं डावं वळणच नडत होतं," तो म्हणाला. मला हसायचंही त्राण नव्हतं. त्याने अँटेना शेपटीकडे नेली आणि पुढच्या फेरीत सगळं मिळालं. पाइप, काळी धार, फेस.

संध्याकाळी माझ्या घरी आम्ही ते रेकॉर्डिंग मोठ्या पडद्यावर लावलं. खालच्या कोपऱ्यात, बॅटरीच्या आकड्याशेजारी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याचं नाव होतं. विमान बांधताना त्याने हौसेने ते सेटिंगमध्ये भरलेलं. विमानातली चिपच ते चित्रावर छापून पाठवते. गॉगलमध्ये दर वेळी समोर असल्यामुळे त्याला ते दिसेनासं झालं होतं.

नावावर काळी पट्टी टाकून मी चित्रफीत प्रदूषणाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात नेली. तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "पट्टीखाली काय आहे? मूळ आणा, मग बघू." माहितीच्या हक्कावर मला तासभर बोलता आलं असतं. मी चित्रफीत घेऊन परत आले.

मित्राने सेटिंगमधून नाव काढलं. दोन मिनिटांचं काम. आम्ही पुन्हा उडवायला लागलो, पण दिवसा पाइप कोरडा असायचा. पाणी आता अंधारात सोडतात, असं मावशी म्हणाल्या. अंधारात या कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

एका रविवारी विमानाचे पंख सोडवता सोडवता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मूळच देऊन टाक, नावासकट. खोटं थोडंच आहे?" गप्प बसणारा अन्यायात सामील असतो, हे वाक्य मी कितीतरी पत्रकांत लिहिलंय. तरी मी दिलं नाही.

मावशींना मात्र सगळं सांगितलं, नावासकट. त्या आता सातपाटीहून मासळी विकत घेऊन रस्त्याकडेला बसतात. खाडीत जाळं टाकणं त्यांनी सोडलंय. मला वाटलं, चिडतील. त्यांनी पाटीतल्या बोंबलांवर पाणी शिंपडलं.

"त्याच्या घरी कोण कोण हाय?"

बायको, दोन मुली, म्हातारे वडील, मी सांगितलं.

"मग ते नाय द्यायचं, बाय," त्या म्हणाल्या. "दुसरं काढा." आणि समोर थांबलेल्या गिऱ्हाइकाला भाव सांगू लागल्या.