खिडकीतला पेला

वैशाखातली सकाळ. झळा सुरू व्हायच्या होत्या, पण प्रतापनगरच्या चाळीचे पत्रे आत्ताच तापायला लागले होते. नळ जायच्या आत उषाबाई साळव्यांनी पिंप भरलं, नवऱ्याची चादर धुऊन दोरीवर टाकली.

शेजारच्या जिजाबाईंनी ओट्यावरून गुजराती वळणानं हटकलं, "केम उषाबेन, रोज धुतलेली चादर? राजाचा थाट आहे!"

"राजाच तो. आता नुसता पडून हुकूम सोडतो."

दोघी हसल्या. मग जिजाबाई आत वळल्या. ह्याच राजानं बायकोला भर चाळीत पट्ट्यानं झोडपलेलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

नवरा, गुणवंत, रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होता. लकव्यानं डावं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. उषाबाई पेज भरवायला बसल्या, तर त्यानं चांगल्या हातानं वाटी उडवली. "खारट! बापानं हेच शिकवलं का?" त्यांनी मुकाट्यानं फरशी पुसली.

"ए, पाणी."

त्यांनी पेला भरून आणला आणि खिडकीत ठेवला. त्याला दिसेल असा, त्याच्या हाताला लागणार नाही असा. मग आत जाऊन तांदूळ निवडायला बसल्या.

"पाणी दे गं... उषे!" मग नुसतंच, "अगं..."

आवाज कोरडा पडत गेला तसं उषाबाईंना बरं वाटलं. इतकं, की त्याच दचकल्या. विचारायला कोण येणार होतं? माणूस आजारी, त्यात हा उन्हाळा.

"येशूबाप्पा," त्या पुटपुटल्या, "मला हे गोड लागतंय रे. उठवत नाही मला."

येशूनंही फटके खाल्ले होते. त्याचीही जीभ टाळूला चिकटली होती, तर लोकांनी क्रुसावर आंबट दारूची आंब पुढे केली होती. उलटून मारायची ताकद असून न मारणं किती जड असतं, ते त्याला अंगावर सोसून ठाऊक होतं. 'लाज नाही वाटत?' असं तो म्हणाला नाही. आपल्या पाठीवरचा एकेक वळ त्याला माहीत आहे, एवढंच उषाबाईंना कळलं. त्या सुपावर वाकून रडल्या. मग उठल्या.

गुणवंत घटाघटा प्यायला. "मेली होतीस का?"

"नाही. मुद्दाम ठेवला होता लांब. राग आहे माझ्या पोटात. अजूनही आहे."

 त्यानं रिकामा पेला पुढे केला. "अजून."

उषाबाईंनी तो भरून त्याच्या हातात दिला आणि स्टोला पिन मारून पंप करायला बसल्या.